लिटर काय, किलो काय, तेल ते तेलच!

तेल घेताना लिटर आणि किलो यांत फरक करत बसणं हे कोत्या मनाचं लक्षण आहे. पाणी लिटरला किलो भरतं ना? मग तेलानेच काय घोडं मारलंय? पिशवीवर '१ लिटर' या शब्दांखाली बारीक अक्षरांत '९१० ग्रॅम' छापलेलं असतं. ते वाचू नका, डोळ्यांना ताण पडतो.

दिवाळीआधी डबा घ्यायला जाल तेव्हा तर हा मोठेपणा जरूर दाखवा. समजा, एका दुकानात १५ लिटरचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि शेजारी १५ किलोचा २,४०० ला. दोन्ही डबे पत्र्याचे, दोन्हींवर '१५', मग दीडशे रुपये जास्त कशाला मोजायचे? पहिलाच उचला. त्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅम, म्हणजे किलोला जवळपास १६५ रुपये पडले. दुसऱ्यात साधारण साडेसोळा लिटर होतं आणि किलोला १६०. पण दीडशे रुपये वाचल्याचा आनंद किलोत मोजता येत नाही.

एखादा चिकित्सक पाहुणा '०.९१ ने गुण की' म्हणालाच, तर जिथे गुणायचं तिथे भागा. लिटरचे किलो करताना गुणाकार आणि किलोचे लिटर करताना भागाकार, हे लक्षात ठेवायला फारच सोपं असल्यामुळे कोणी ठेवत नाही. उलटं केलंत की १५ लिटरचे साडेसोळा किलो होतात. घरबसल्या पावणेतीन किलोंहून जास्त तेल वाढवण्याची याहून स्वस्त युक्ती नाही.

खरी गंमत तापमानाची. तेल तापलं की फुगतं, वजन मात्र तेवढंच राहतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६. म्हणून काही पाकिटांवर 'अमुक मिली, ६० अंश सेल्सिअसला' असं छापलेलं असायचं. तुमच्या ओट्यावर ६० अंश तापमान नसतं, ही अर्थातच तुमच्या ओट्याची चूक. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांना ही तापमानाची शेपटी काढून टाकायला सांगितलं आणि १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. एक चांगला विनोद गेला. तरी हळहळू नका. आता ७५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्या आहेत, दिसायला थेट लिटरच्या धाकट्या बहिणी. प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली किंमतही पाकिटावर असते. एका पाकिटावर ग्रॅमची आणि दुसऱ्यावर मिलीची दिसली, की डोळे झाकून दोन्हींची थेट तुलना करा.

स्वयंपाकघरात तर वाटी हेच प्रमाण. २०० मिलीची वाटी पाण्याने भरली तर २०० ग्रॅम, तेलाने १८२. केकच्या कृतीत '१०० ग्रॅम तेल' असेल तर मापाच्या भांड्यात १०० मिलीच्या रेघेपर्यंत ओता, ११० पर्यंत जाऊ नका. केक कोरडा झाला तर ओव्हनला नावं ठेवायची सोय आहेच. तुपाची घनताही ०.९१ च्या आसपासच, तेव्हा तेल गेलं, तूप गेलं, तेही एकाच दराने.

डॉक्टरांनी 'माणशी महिन्याला अर्धा लिटर' सांगितलंय? बिनधास्त अर्धा किलो वापरा. ४५ ग्रॅम जास्त जातील, म्हणजे चारशे कॅलरी. तेवढ्यासाठी कोणी डॉक्टरांना त्रास देत नाही.

डबा तोलून घ्यायचा हट्ट असेलच, तर पत्र्यासकट तोला आणि काट्यावरचा आकडा तेलाचाच समजा. फक्त वाण्याशी या विषयावर बोलू नका. मुंबईच्या घाऊक बाजारात तेलाचा भाव निघतो दहा किलोवर.