बोलले तर शिव्या, गप्प बसले तर रिपोर्ट

आमच्या गेमिंग ग्रुपच्या नियमावलीत पहिलाच नियम ठळक अक्षरांत आहे: सर्वांशी आदराने वागा. त्याखाली आणखी डझनभर. स्पॅम करू नका, दुसऱ्या ग्रुपची लिंक टाकू नका, ॲडमिनना उगाच टॅग करू नका, राजकारण नको, मराठी-हिंदी वाद नको. लिहिणाऱ्याने मन लावून लिहिलंय, इमोजीसुद्धा एका रांगेत बसवलेत. फक्त हे मोडलं तर काय होणार आणि ते कोण करणार, एवढं तेवढं लिहायचं राहून गेलंय.

मी सांगते काय होतं. काही होत नाही.

ग्रुप पुण्यातलाच. कोथरूड, कर्वेनगर, हडपसर, वाघोली, थोडे पिंपरी-चिंचवडचे. निम्मी कॉलेजातली पोरं, निम्मे माझ्यासारखे आयटीतले. रात्री दहानंतर, घरचे झोपले की जमायचं. गेम पाच विरुद्ध पाचचा. ज्यांनी असलं काही खेळलेलं नाही त्यांना सांगते, यात बोलल्याशिवाय जिंकता येत नाही. समोरचे कुठून येतायत, किती आहेत, बॉम्ब कुठल्या साइटला, म्हणजे ठरलेल्या जागेला, लावला, हे ज्याला दिसलं त्याने लगेच सांगायचं. जो सांगत नाही तो टीमला भार.

आता मी माईक चालू करते. "दोघं ए साइटला, एकाचं लाइफ कमी आहे." पलीकडे क्षणभर सगळे चिडीचूप. मग "अरे, मुलगी आहे!" मग कुणीतरी गाणं सुरू करतो. मग "नंबर दे ना", "बॉयफ्रेंडच्या आयडीवरून खेळतेस का?" एवढ्यात ते ए साइटचे दोघं आत येऊन सगळ्यांना झोपवून गेलेले असतात. मग खापर माझ्यावर, आणि त्यापुढे जे येतं ते मी इथे लिहिणार नाही. "जा, पोळ्या लाट" हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

बरं, माईक बंद ठेवला तर? तर हेच लोक मला रिपोर्ट करतात, म्हणजे गेमवाल्या कंपनीकडे माझी तक्रार करतात. कारण काय, तर टीमशी संवाद साधत नाही. आणि हा रिपोर्ट चालतो बरं का! मला रीतसर इशारा आला, वागणूक सुधारा म्हणून. माझी एक मैत्रीण आवाज बदलायचं सॉफ्टवेअर लावून खेळते. सर्दी झालेला राक्षस बोलतोय असं वाटतं, पण तिच्याकडे कुणी नंबर मागत नाही आणि ती 'समोरचे इकडून येतायत' म्हणाली की ऐकतातही. उपाय म्हणून हेच सुचवायचं असेल तर कृपया सुचवू नका, माझ्या डोक्यात जाईल.

अनोळखी रँडम पोरांचं एक वेळ सोडा. परवा हे केलं ते ग्रुपमधल्याच एकाने. ज्याला आम्ही सगळे ओळखतो, ज्याच्याबरोबर रविवारी मिसळ खायला गेलोय. मॅच हरल्यावर तो माझ्याबद्दल जे बोलला ते मी रेकॉर्ड केलं आणि क्लिप ॲडमिनला पाठवली. ॲडमिन माझ्याहून चांगला पाच-सहा वर्षांनी लहान. उत्तर आलं, "ताई, ऐकलं मी. पण तो मनाने वाईट नाहीये हो. टिल्ट झाला होता."

टिल्ट! म्हणजे हरल्यामुळे डोकं फिरलं होतं. हरले तर मीही होते. मी कुणाची आई-बहीण काढली?

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जाहीर सूचना. "काही मेंबर्समध्ये गैरसमज झाले आहेत. दोन्ही बाजूंनी संयम राखावा." दोन्ही बाजूंनी? माझी बाजू कुठली? मी काय केलं, कानाला हेडफोन लावले? वर मला वेगळा मेसेज: ताई, व्हॉइस चॅटचं रेकॉर्डिंग करणं आपल्या नियमात बसत नाही, यापुढे काळजी घ्या. म्हणजे या सगळ्या प्रकरणात नियम मोडला म्हणून समज मिळाली ती एकट्या मला. इतक्या अदबीने फाट्यावर मारायला पुण्याचंच पाणी प्यायलेलं असावं लागतं.

मग तोडगा निघाला, मुलींसाठी वेगळं चॅनेल. फार पुरोगामी वगैरे वाटलं असणार त्यांना. अरे, ग्रुपमध्ये आम्ही सगळ्या मिळून एक अख्खी टीम होत नाही. खेळायचं कुणाशी, भिंतीशी? आणि शिव्या देणारा राहणार मोठ्या हॉलमध्ये, आम्ही जाणार माळ्यावर.

"गेममध्ये हे चालायचंच" असं कुणी ऐकवलं की तर मी पेटतेच. चालायचं नसेल तर थांबवता येतं, लोकांनी थांबवायचे प्रयत्न केलेत. डोटा २ नावाच्या गेममध्ये अर्ध्यावर गेम सोडून पळणाऱ्याला 'लो प्रायॉरिटी'च्या वेगळ्या रांगेत टाकतात. तिथे ठरलेले गेम जिंकेपर्यंत सुटका नाही, आणि सोबतीला सगळे तसलेच नग. सीएस:गो, म्हणजे काउंटर-स्ट्राइक, या गेममध्ये 'ओव्हरवॉच' होतं, अनुभवी खेळाडू संशयिताचं रेकॉर्डिंग नाव न कळता बघायचे आणि निकाल द्यायचे. लीग ऑफ लेजेंड्स या गेमने २०११ मध्ये 'ट्रायब्युनल' काढलं. चॅट वाचून खेळाडूंनीच निवाडा करायचा. २०१४ मध्ये ते बंद पडलं ही गोष्ट वेगळी, पण निदान कुणी तरी बसून डोकं चालवलं होतं. आमच्या ॲडमिनला चार जणांची समिती नेमायला सांगितली तर म्हणाला, "ताई, एवढं सिरीयस नको ना करायला, लोक चिल करायला येतात इथे." लोक म्हणजे कोण ते कळलं.

बरं, यंत्रावर सोडावं तर यंत्राला मराठी कुठे येतं? व्हॅलोरंट हा गेम काढणाऱ्या रायट कंपनीने २०२१ मध्ये धोरण बदलून व्हॉइस चॅट रेकॉर्ड करायची सोय करून घेतली, आणि २०२२ मध्ये सुरुवात केली ती उत्तर अमेरिकेत, इंग्रजीपासून. ठीक आहे, कुठून तरी सुरुवात करावीच लागते. पण आमच्या लॉबीतला गडी सुरुवात मराठीत करतो, मधे हिंदीत शिरतो आणि शेवटी दोन्हींचं असं काही मिश्रण करतो की भाषातज्ज्ञ बोलवावा लागेल. लिहिलेल्या चॅटची तीच कथा. इंग्रजी शिवी टाइप केली की तारे उमटतात. आपल्याकडची शिवी, स्पेलिंगमध्ये मधेच एक आकडा घुसवून, सुखरूप पोचते.

यंत्राला जे मोजता येतं तिथे मात्र काय ती तत्परता! गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक मॅच लावली. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार, पण मेसेजमधल्या वेळेच्या आधीच गेली. राउटर बंद, मी बाहेर. परत येईपर्यंत दंड ठोठावलेला होता: अमुक वेळ रँकच्या मॅच खेळता येणार नाहीत, गुण कापले. ना चौकशी, ना दोन बाजू. तिथे कुणी म्हटलं नाही की तिचा राउटर मनाने वाईट नाहीये, जरा टिल्ट झाला होता.

आणि मुलांची काळजी म्हणाल तर ती दिसण्यापुरती. २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतातली आवृत्ती, आली तेव्हा रक्त हिरवं केलं होतं, 'किल'च्या जागी 'फिनिश', अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास. डोळ्यांची एवढी चिंता. कानांची? माझा आतेभाऊ नववीत आहे. मोबाईलवर असलेच गेम खेळून त्याने जे शब्दभांडार कमावलंय ते गणपतीत सगळ्या घरासमोर बाहेर पडलं. आत्याने त्याच्या बापाकडे बघितलं, आणि बापाने पंख्याकडे.

"मनावर घेऊ नकोस, गेम आहे" म्हणणाऱ्या सद्गृहस्थांसाठी आणखी एक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७९ आहे, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ५०९. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने असले शब्द उच्चारले तर तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. हेडफोनमधून उच्चारले तर चालतील, अशी सूट मला त्यात सापडली नाही. घाबरू नका, मी काही चौकीवर निघालेली नाही. तिथे जायचं तर आधी आईला सांगावं लागेल की मी रात्री एकपर्यंत काय करते, आणि ती केस जास्त अवघड आहे.

मी फार काही मागितलंच नव्हतं. त्याला महिनाभर बाहेर काढा आणि का काढलं ते ग्रुपवर लिहा, एवढंच. तर खरं कारण तेव्हा बाहेर आलं. "ताई, तो आपला बेस्ट एंट्री आहे ना. पुढच्या महिन्यात टूर्नामेंट आहे. ती होऊ दे, मग बघू." एंट्री म्हणजे धावत पहिला आत घुसणारा.

असं होय! म्हणजे त्याचा एम, म्हणजे नेम, चांगला, म्हणून मी ऐकून घ्यायचं. डोक्यावर गोळी नीट बसते म्हणून तोंडाला माफी. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझी क्लिप, तुमचा संयम आणि ते माळ्यावरचं चॅनेल, सगळ्यांचाच वेळ वाचला असता.

आणि हो, ज्याच्यावाचून टीम अडलीय असं वाटतंय ना, तसले धावत पहिले आत घुसणारे हडपसरपासून हिंजवडीपर्यंत प्रत्येक सोसायटीत दोन-दोन मिळतील. शोधा की. तुम्हाला जमत नसेल तर मी शोधून देते.