‘सामान्य’ पावसाची कटकट

एप्रिल उजाडला की सुरू! हवामान खातं म्हणतं, ‘यंदा पाऊस सामान्य’, आणि लगेच घरोघरी, चॅनेलोचॅनेली रडगाणं: ‘म्हणजे यथातथाच पडणार तर!’ अहो, नाही हो! सामान्य म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. तोही अख्ख्या देशाचा, जून ते सप्टेंबर मिळून. तुमच्या शिवाराबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

जिल्ह्याच्या तक्त्यात तर आणखी मजा. तिथे सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्के, सगळं ‘सामान्य’च. जूनभर आभाळ कोरडं, दुबार पेरणी, मग सप्टेंबरात चार दिवसांत कसर भरून काढत सोयाबीन पाण्याखाली. बेरीज जुळली, तक्ता खूश! शेतकऱ्यानं शिव्या घातल्या तर त्याचं काय चुकलं?

‘अतिवृष्टी’चंही तेच. गुडघाभर पाण्यात उभा राहून वार्ताहर अतिवृष्टी, अतिवृष्टी ओरडतो. सरकारदरबारी मात्र महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद हवी. मापक तिकडे लांब, ढग फुटला तुमच्या बांधावर. बसा बोंबलत! टीव्हीच्या खालच्या पट्टीत एवढी एक ओळ टाकायला या चॅनेलवाल्यांचं काय जातं?