सही एकाची, शिव्या दुसऱ्याला

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. भाषा जरा इकडेतिकडे झाली तर चालवून घ्या.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ड्रेनेजचं चेंबर तुंबलंय. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि ते आलं की पहिली दोन-तीन घागरी त्याच चेंबरचा वास. फेसाळ, पिवळट. ओतून द्यावं तर जीव तुटतो, कारण पुढचं कधी येणार ते चावीवाल्यालाच ठाऊक. आता हे सांगायचं कुणाला? विभागीय कार्यालयात जावं तर साहेब साइटवर. सापडलेच तर म्हणणार, "अर्ज द्या की ओ. पण मक्तेदाराचं मागचं बिल निघालं नाही, तो गाडी पाठवंना. तुमच्या नगरसेवकांना बोला ना जरा." नगरसेवकाला गाठावं तर तो म्हणतो, "काका, मी पत्र दिलंय, फाईल आयुक्तांकडं हाय." आणि प्रभागात नगरसेवक चार! एकाला धरलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो, "ती बाजू त्यांच्याकडं हाय." कुठं लिहिलंय बे असं? चौघंही अख्ख्या प्रभागातून निवडून आलेत. गल्ल्या काय वाटणीपत्र करून घेतल्या का?

गल्लीतली मंडळी मग एका संध्याकाळी जमतात, नगरसेवकाच्या दारात जातात, मनसोक्त शिव्या घालतात आणि हलकं होऊन घरी येतात. चेंबर जिथल्या तिथं.

मी वैतागून कायदाच काढून वाचला. १९४९ चा महानगरपालिका अधिनियम. नगरपालिका जाऊन १ मे १९६४ ला आपली महापालिका झाली, तेव्हापासून आपण याच कायद्याखाली. त्यात कारभार चालवायचा अधिकार कुणाला? महापौराला नाही. आयुक्ताला. आणि आयुक्त नेमतं कोण? राज्य सरकार. म्हणजे ज्याला आपण मत देतो त्याची सही चालत नाही, आणि ज्याची सही चालते त्याला आपलं मत लागत नाही. त्याची बदली मुंबईतून होणार, बढती मुंबईतून मिळणार. तो आमच्या चेंबरला का म्हणून घाबरेल? माणूस म्हणून कुणी चांगला असेल, कुणी वाईट. पण शहर समजेस्तोवर बदलीची ऑर्डर येते आणि नवीन साहेब पुन्हा "आढावा" घ्यायला बसतात.

महापौर मग करतो काय? अडीच वर्षं सभेच्या अध्यक्षस्थानी बसतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, नारळ फोडतो. सभेनं एखादा ठराव केलाच आणि तो वर कुणाला खुपला, तर कलम ४५१ आहेच. राज्य सरकार तो निलंबित करतं, मग विखंडित, म्हणजे रद्दच करतं. झालं! १९३० साली याच शहराच्या नगरपालिकेनं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इमारतीवर तिरंगा चढवला होता. आज साध्या ठरावाला मंत्रालयाकडं बघत बसायचं.

पाण्याचं तर विचारूच नका. उजनी धरण शंभर किलोमीटरच्या वर लांब. जलवाहिनीतून काही येतं, आणि बाकीसाठी भीमा नदीत पाणी सोडून टाकळीचा बंधारा भरायचा. ते कधी सोडायचं, किती सोडायचं हे महापालिकेच्या इंद्रभुवनात ठरत नाही. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते, पाटबंधारेवाले हिशोब मांडतात, शेतीचं आवर्तन आणि शहराची तहान यांची ओढाताण होते. समांतर जलवाहिनीच्या नावानं आम्ही इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या. मधेच मक्तेदारही बदलला, आणि ते काम होतं स्मार्ट सिटीच्या कंपनीकडं. कंपनी वेगळी, तिचं संचालक मंडळ वेगळं. २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आलं तेव्हा आपण पेढे वाटले. रस्ता खोदून ठेवला तर जाब कुणाला विचारायचा, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. पाणीपट्टी मात्र अख्ख्या वर्षाची. तिथं चार दिवसांआड चालत नाही.

हद्दवाढ म्हणजे तर निव्वळ थट्टा. १९९२ साली आजूबाजूची गावं आत घेतली आणि शहर १७८ चौरस किलोमीटरचं करून टाकलं. नकाशावर रेघ मारायला काय लागतं? तीन दशकं उलटून गेली तरी आमचा पत्ता सांगताना लोक "हद्दवाढ भाग" म्हणतात, जणू कालच आलोय पाहुणे म्हणून. गुंठेवारीच्या प्लॉटवर घरं आधी, रस्ते नंतर, ड्रेनेज सगळ्यात शेवटी. घरपट्टी मात्र रांगेत नेहमी पहिली.

पैसे नाहीत म्हणतात, आणि ते खोटंही नाही. जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटीही गेली. आता अनुदानासाठी सरकारच्या तोंडाकडं बघायचं.

आणि मार्च २०२२ नंतरचा तमाशा आठवतोय का? सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं निवडणूकच नाही. मुदत संपायच्या आधी निवडणूक झाली पाहिजे असं संविधानात स्पष्ट लिहिलंय, २४३-यू मध्ये. तरी ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारीख पे तारीख. तोवर आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव त्यांचा, स्थायी समिती तेच, सर्वसाधारण सभा तेच, मंजुरी तेच देणार आणि अंमलबजावणीही तेच करणार. स्वतःच्याच लग्नात स्वतःच भटजी! शेवटी सर्वोच्च न्यायालयानं कान पिळला तेव्हा जानेवारी २०२६ मध्ये ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत मतदान झालं. आम्ही गेलो, शाई लावून आलो.

आता नगरसेवकांची बाजू घेतोय असं वाटून त्यांनी हे फॉरवर्ड करू नये. कारण कायद्यात पुढंही वाचलं मी. बजेट कुणाच्या मंजुरीनं होतं? सभेच्या. मोठे मक्ते कोण मंजूर करतं? स्थायी समिती, सोळा सदस्यांची. आयुक्त अगदीच ऐकत नसेल तर एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी विरोधात मत दिलं की सरकारला आयुक्ताला परत बोलवावंच लागतं. १०२ पैकी ६४ झाले की पुरे. म्हणजे दात आहेत ओ, चावायचं नाही एवढंच. गल्लीतल्या बाकड्यावर "यांच्या विशेष प्रयत्नातून" म्हणून नाव रंगवताना अधिकार असतो, चेंबर तुंबलं की लगेच "आमच्या हातात काय आहे काका?" आयुक्तांचा फायदा असा की शिव्या नगरसेवकाला बसतात. नगरसेवकाचा फायदा असा की फाईल आयुक्तांकडं असते. दोघांचं छान चाललंय.

क्षेत्रसभा नावाचीही एक गोष्ट कायद्यात आहे. आपल्या भागातल्या मतदारांनी बसून कामं सुचवायची. २००९ पासून आहे ती तरतूद. आमच्या भागात एकही भरलेली मी पाहिली नाही. गल्लीत विचारलं तर लोक म्हणाले, "ग्रामसभा म्हणताय का?"

तर आमच्या चारही माननीयांना जाहीर विचारतोय: प्रभाग समितीची पुढची बैठक कधी आहे, आणि आमचं चेंबर तिच्या विषयपत्रिकेवर आहे का? तुमच्याच ग्रुपवर टाका, तारखेसकट. वाढदिवसाचे फोटो नंतर टाका.