'देवाणघेवाण' की लूट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत आभार मानून सटकणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप दोन. संस्कृतींच्या संपर्कावरच्या लेखात मी लुटीला 'देवाणघेवाण' हे गोंडस नाव दिलं, जग खरं तर तलवारीनं घडलं. आणि भारताच्या गणिताचं श्रेय मी उगाच इतरांत वाटून टाकलं.

पहिला बराचसा मान्य. दक्षिण अमेरिकेतल्या, तेव्हा स्पेनच्या अमलाखालच्या पोतोसी डोंगराची चांदी मी एका वाक्यात उरकली, ते चुकलंच. १५४५ मध्ये त्या डोंगरात चांदी सापडली आणि पुढे 'मिता' नावाच्या वेठबिगारीत अँडीजमधल्या गावांतून माणसं पाळीपाळीनं खाणीत धाडली गेली. त्यांच्या पदरात काय पडलं? घेवाण म्हणावी असं काहीच नाही. पण ती चांदी पुढे कुठे गेली तेही पाहा. बरीचशी युरोपात, आणि १५७१ नंतर जहाजांनी मनिलाला, तिथून चीनला. मिंग राजवटीत कर चांदीत भरायची पद्धत रुळत होती आणि सोन्याच्या तुलनेत चांदीला तिथे युरोपपेक्षा बरंच जास्त मोल होतं. हे गिऱ्हाईक नसतं तर स्पेनच्या राजाला तो डोंगर इतका फळला नसता. खाणीत जुलूम होता, मनिलात राजीखुशीचा सौदा, आणि चांदी तीच. तुम्ही या दोहोंची फाळणी करता, मला ती जमत नाही.

'जिंकणाऱ्याचंच सगळे उचलतात' हे मात्र अजिबात पटलं नाही. भारतातून अरबांकरवी युरोपात गेलेल्या ० ते ९ या आकड्यांमागे कुठलं सैन्य होतं? पिसाचा गणिती लिओनार्दो, म्हणजे फिबोनाची, हे आकडे उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात पोरवयात शिकला, कारण वडील तिथे जकातीचं काम पाहत. १२०२ मध्ये त्यानं त्यांवर ग्रंथ लिहिला. आणि १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं वह्यांत हे आकडे लिहायला चक्क बंदी घातली! शून्याला शेपूट जोडली की सहा किंवा नऊ होतो, ही धास्ती त्यामागे होती असं सांगतात. (वही दुसऱ्याच्या हातात जात असेल तर शंका रास्तच.) बंदी टिकली नाही. व्यापाऱ्यांच्या मुलांच्या शाळांत हेच आकडे गिरवले गेले.

आता श्रेय. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडले, ते कुणी हिरावून घेत नाही. पण एक शब्द बघा. 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत तिचं 'जीबा' झालं. अरबी लिखाणात स्वरचिन्हं सहसा देत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरं 'जैब' अशीही वाचता येतात: अंगरख्याची छातीवरची घडी. हिंदीतली 'जेब' तीच. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकानं घडीच वाचली, तिला 'सायनस' म्हटलं, आणि त्याचा झाला 'साइन'. आज शालेय गणितात वर्तुळाची जीवा आणि त्रिकोणमितीतला साइन शेजारी नांदतात, ओळखदेखही न दाखवता.

आणि ज्याला आपण 'केंद्र' म्हणतो तो शब्द ग्रीक 'केंत्रॉन'वरून आलेला. यवन (म्हणजे ग्रीक) म्लेच्छ खरे, पण हे ज्योतिषाचं शास्त्र त्यांच्याकडे नीट रुजलेलं आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं वराहमिहिर सहाव्या शतकात लिहून गेला. श्रेय वाटताना त्याचा हात आखडला नव्हता.

पोतोसीचा परिच्छेद आजच वाढवतो. आकड्यांचा आहे तसाच राहील.