काळ्याची पांढरी

मामांना त्र्यंबकेश्वरला न्यायचं होतं. जालन्याहून निघालो, वैजापूर, येवला झालं, विंचूर मागं पडलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. वाटेत वायनरी करायची! मामा कडवंचीकडचे द्राक्ष बागायतदार, गळ्यात माळ नाही, पण मामीचा धाक माळेपेक्षा कडक. म्हणून "द्राक्षं बघू" एवढंच म्हणालो.

माझा बेत साधा होता. ग्लास गोल फिरवायचा, डोळे मिटून वास घ्यायचा, फोटो काढायचा. पण मामा गेटातच वेलीपाशी थांबले.

"मणी एवढूसे कामून? फुगवायला जीएचं औषध दिलं नाही का?"

माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, वाईनला बारीक, बियांचाच मणी लागतो. मामांनी एक चावला, बी थुंकली आणि दोनचार मणी खिशात टाकले. "एक्सपोर्टला चालायचं नाही," हा निकाल.

पहिली आली सोव्हिन्यॉ ब्लाँ, पांढरी वाईन. मुलगी म्हणाली, हिला ढोबळी मिरचीसारखा वास येतो. मी लगेच "येतो, येतो" केलं. (मला सर्दी होती.) मामांनी विचारलं, "मिरचीचं आंतरपीक आहे का?"

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी घोट तोंडात घोळवला आणि सरळ समोरच्या बादलीत थुंकला. उरलेला ग्लासही त्यातच ओतला. मामांचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांच्यादेखत विहीर बुजवली. २०१३ साली त्यांनी टँकर विकत घेऊन बाग जगवली होती. रात्री दोनला टँकर यायचा, तर हे पाईप धरून उभे, आणि एक वेल सुटली तर मामीची बोलणी वेगळी. "ताई," ते त्या बाईंना म्हणाले, "नको असंल तर इकडं द्या." मी दोन पावलं मागं सरकलो, अनोळखी माणसासारखा. उपयोग झाला नाही. "भाच्या, तुझा बी संपव! टाकायचं नाही!"

मग शेवटची आली. पांढरीच, गवताच्या काडीच्या रंगाची. "ही शिराझची," मुलगी म्हणाली.

"शिराझ काळं असतं. मघाशी तुम्हीच दाखवलं."

"रंग सालीत असतो, काका. मणी दाबून रस लगेच बाजूला काढला की पांढरी होते. सालीसकट आंबवला की लाल."

मामांनी खिशातला काळा मणी काढला, पांढरा रुमाल मांडीवर पसरला आणि चिमटीत हळूच दाबला. पाण्यासारखा थेंब पडला. रुमालावर नुसता ओलसर डाग. दुसरा दाबला, तोच प्रकार. बराच वेळ ते रुमालाकडं बघत राहिले. "आपला काळा शरद सीडलेस बी आतून असाच की रे," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढी वर्षं विकला, कधी बघितलंच नाही."

त्र्यंबकराज उद्यावर गेले, हे मामांनीच ठरवलं. त्या पांढरीची एक बाटली विकत घेतली, ती थंड राहावी म्हणून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जालन्यापर्यंत दर तासाला त्यावर पाणी शिंपडलं, कलमांच्या रोपाला शिंपडावं तसं.

घरी मामीनं फडकं सोडलं. मामांनी न विचारताच सगळं सांगितलं: शिराझ, साल, रस, रुमाल. मामीनं बाटली उजेडात धरली, किमतीचा कागद वाचला आणि पुन्हा बाटलीकडं बघितलं.

"एवढे पैसे घेतले, तर रंग तरी ठेवायचा होता मेल्यांनी."