खुलासा: जळकं ऑइल हा गंजावरचा इलाज नव्हे

‘माझदा एमएक्स-५ कारच्या गंजलेल्या विशबोनवर जळकं ऑइल मारा, गंज जागीच थांबतो,’ असा सल्ला फिरतोय. विशबोन म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा सस्पेन्शनचा आर्म. तो अर्धाच खरा. ओल थोडे दिवस अडते. पण तेच ऑइल आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशमध्ये मुरलं की रबर फुगतं, मऊ पडतं. ब्रेक डिस्कवर उडालं तर ब्रेकचीच बोंब! ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे तर हा थर धुऊनच जातो.

आधी वायर ब्रशने पापुद्रे काढा, मग रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचा टिकाऊ थर बनवणारं रसायन), इपॉक्सी प्रायमर, चॅसिस पेंट. आर्मला चाकाकडच्या भागाशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा निमुळता दांडा मात्र कोराच ठेवा. रंगावर तो घट्ट बसत नाही, नट ढिला होतो. आणि स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत गेला, तर रंगाचा डबा उघडूच नका, आर्म बदला.