सस्तन प्राणी उंदराएवढे होते आणि एक कोटी वर्षांनी मोठे झाले, हे चूक आहे

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर दोनदा आलेला मेसेज तुम्हालाही आला असेल. डायनासोर होते तोवर सस्तन प्राणी उंदराएवढेच होते, उल्का पडली तेव्हा बिळात होते म्हणून त्यांना काही झालं नाही, मग मेंदूच्या जोरावर एक कोटी वर्षांत हळूहळू मोठे झाले, आणि हा सगळा अंदाजच, कारण तेव्हाचे जीवाश्म मिळतच नाहीत. माझ्या पुतणीने हे शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं उतरवलं, म्हणून लिहितेय.

"उंदराएवढेच होते." बरेचसे होते, खरंय. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा बनलाय त्याच लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात, तेलंगणात नास्कलला, डायनासोरांच्या काळातल्या डेक्कनोलेस्टिस नावाच्या सस्तन प्राण्याचे दात मिळालेत, मोहरीच्या दाण्याएवढे, गाळ चाळणीवर धुवून वेचलेले. 1988 मध्ये प्रसाद आणि साहनी या संशोधकांनी ते जगापुढे आणले. पण "च" चूक आहे. चीनमधला रेपेनोमॅमस नावाचा सस्तन प्राणी 12 कोटी वर्षांहून जुना, त्याची मोठी जात 12-14 किलोची, आणि धाकट्या जातीच्या एकाच्या पोटात चक्क डायनासोरचं पिल्लू सापडलं. बिळात लपणाऱ्याच्या पोटात ते कुठून येणार?

"काही झालं नाही." झालं की! उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्मांवरून 2016 मध्ये हिशेब मांडला गेला, त्यात सस्तन प्राण्यांच्या दहापैकी नऊहून जास्त जाती संपल्या असं निघालं. आपण वाचलेल्या मूठभरांचे वंशज आहोत.

"मेंदूच्या जोरावर." इथे तर गाडी उलटीच आहे. 2022 मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या ऑर्नेला बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी उल्केनंतरच्या सस्तन प्राण्यांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन केले, तर अंग भराभर वाढलं आणि मेंदू मागे राहिला, शरीराच्या मानाने तो आधीच्यांपेक्षा लहानच झाला होता. मेंदू वाढला तो साधारण एक कोटी वर्षांनी, म्हणजे मेसेजमधला आकडा जागा चुकून पडलाय.

आता "जीवाश्म मिळतच नाहीत", हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण माणसांनी यासाठी उन्हातान्हात टेकड्या पालथ्या घातल्यात. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ कोरल ब्लफ्स आहे. तिथे बरीच वर्षं सगळे हाडं शोधायचे आणि हाती तुकडेच लागायचे. डेन्व्हरच्या म्युझियमचे टायलर लायसन यांनी दक्षिण आफ्रिकेत वापरतात ती पद्धत आठवून 2016 मध्ये हाडं सोडून दगडाचे गोळे शोधायला सुरुवात केली, बटाट्यासारखे दिसणारे पांढुरके गोळे, कोणी लाथेने बाजूला करेल असे. एक फोडला आणि आत सस्तन प्राण्याची कवटी! मग एकामागून एक निघतच गेल्या. 2019 मध्ये जे छापून आलं त्यात सस्तन प्राण्यांच्या 16 जाती होत्या, हजारो पानांचे ठसे होते, 37 हजार परागकण मोजलेले होते, आणि ज्वालामुखीच्या राखेवरून थरांचं वय काढलेलं होतं.

त्यामुळे वेगही कळला. उल्केनंतर वाचलेले सगळ्यात मोठे साधारण अर्धा किलोचे, म्हणजे घुशीएवढे. 1 लाख वर्षांत 6 किलोच्या आसपास. 3 लाख वर्षांत कार्सिऑप्टिकस नावाचा सस्तन प्राणी 25 किलोचा, तेव्हाच अक्रोडाच्या कुळातली झाडं पसरली होती. 7 लाख वर्षांत इओकोनोडॉन नावाचा दुसरा एक 47 किलोचा, आणि त्याच थरात शेंगा, आपल्या तूर-वाटाण्याच्या कुळातल्या, आजवर मिळालेल्यांपैकी सर्वात जुन्यांतल्या. पोटभर सकस खायला मिळालं तशी अंगं भरली, असा लायसन यांच्या टीमचा अर्थ, आणि मला तो पटतो. कुठे 7 लाख आणि कुठे एक कोटी.

पुतणीने ते पान काल परत लिहिलं. उंदराचं चित्र तिने ठेवलंय, पण त्याच्या शेजारी आता एक शेंग काढलीय आणि खाली 7,00,000 लिहिलंय.